हनुवटी डावीकडे का परतली? खालच्या जबड्याच्या एका शस्त्रक्रियेचा प्रकरण अभ्यास

रुग्ण २० वर्षांचा मुलगा. केस पेपरवर 'मुख्य तक्रार' असा एक रकाना असतो. आमच्याकडे त्यात बहुतेक वेळा 'जबडा पुढे आलाय' नाहीतर 'चेहरा वाकडा दिसतो' असं लिहिलं जातं. या मुलाने सांगितलेली तक्रार वेगळी होती. "डॉक्टर, मला दातांनी धागा तोडता येत नाही." तो शिवणकाम शिकत होता. बरोबरची मुलं सुईतला धागा दातांत धरून तटकन तोडायची. याचे पुढचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना भेटतच नव्हते. चेहऱ्याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. तो एक्स-रेसाठी बाहेर गेल्यावर त्याची आई हळूच म्हणाली, "फोटो काढताना हा कायम मान उजवीकडे वळवून उभा राहतो."

हे प्रकरण लिहायला घेतलं ते शस्त्रक्रियेच्या पाचव्या तासामुळे. सगळं बसवून झाल्यावर आम्हाला एका बाजूचे स्क्रू काढावे लागले आणि काम पुन्हा करावं लागलं. चूक माझी होती. ती कशी झाली ते सांगायचं, तर आधी हा जबडा नीट बघायला हवा. रुग्णाच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तपासणीत काय दिसलं

समोरून पाहताना हनुवटी चेहऱ्याच्या मध्यरेषेपासून ५ मिमी डावीकडे. खालच्या दातांची मध्यरेषा ३ मिमी डावीकडे. वरच्या दातांची मात्र जागेवर. हे दोन आकडे वेगळे आहेत हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. बाजूने पाहताना नाकाच्या दोन्ही कडांना गाल जरा बसलेले, खालचा ओठ वरच्या ओठाच्या पुढे. तोंड मिटल्यावर खालचे पुढचे दात वरच्यांच्या ६ मिमी पुढे जात होते. नेहमीच्या चाव्यात वरचे दात खालच्यांच्या दोनेक मिलिमीटर पुढे असतात.

बाजूच्या एक्स-रेवर, म्हणजे सेफॅलोग्रामवर, आम्ही कवटीच्या तळाशी तुलना करून जबड्यांची जागा मोजतो. वरच्या जबड्याचा एसएनए कोन ७९ अंश होता. सरासरी ८२ धरतात. खालच्याचा एसएनबी ८५, सरासरी ८०. म्हणजे खालचा जबडा पुढे होताच, पण वरचाही थोडा मागे राहिलेला. 'खालचा जबडा पुढे आलाय' म्हणून येणाऱ्या पुष्कळ रुग्णांत हा दुसरा भागीदार लपलेला असतो. नुसता आरसा बघून तो सापडत नाही.

आणखी एक गोष्ट. खालचे पुढचे दात जबड्याच्या खालच्या कडेशी साधारण ९० अंशांत उभे असतात. याचे ७८ अंशांवर आत झुकलेले होते. वरचे बाहेर कललेले. जबड्यांचं जमत नसलं की दात आपापसात तडजोड करतात. ओठ खालच्या दातांना आत दाबत राहतो, जीभ वरच्यांना बाहेर ढकलते, आणि वर्षानुवर्षांत हाडांमधला बराचसा फरक दातांआड झाकला जातो. तोंडात दिसलेले ६ मिमी हे तडजोडीनंतरचे होते.

अजून वाढतोय का?

वाकड्या जबड्याच्या बाबतीत आधी हा प्रश्न, मग बाकी सगळं. खालच्या जबड्याच्या दोन्ही टोकांना कानापुढच्या सांध्यात बसणारं एकेक हाडाचं डोकं असतं, कंडाइल. काही जणांत एका बाजूचं कंडाइल वाढायचं थांबतच नाही आणि हनुवटी दुसऱ्या बाजूला ढकलली जाते. ओब्वेगेझर आणि माकेक यांनी १९८६ साली अशा वाढीचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले: एकात अर्धा जबडा सगळीकडून जाड आणि खाली लोंबलेला, दुसऱ्यात तो फक्त लांब झालेला. आमचा रुग्ण दुसऱ्या जातीचा. उजव्या कंडाइलची मान लांबट होती, म्हणून हनुवटी डावीकडे.

वाढ चालू असताना जबडा कापून सरळ केला तर वर्षा-दोन वर्षांत तो पुन्हा वाकडा होतो. तेव्हा टेक्नेशियम-९९एम वापरून हाडांचा स्कॅन केला. दोन्ही कंडाइलमध्ये किरणोत्सर्गी पदार्थ किती शोषला जातो हे त्यात दिसतं. साधारण ५५ विरुद्ध ४५ किंवा त्याहून मोठी तफावत आली, की वाढ चालू असल्याचा संशय धरतात. आमच्या रुग्णात ५२ विरुद्ध ४८ आली. पण नुसत्या स्कॅनवर मी विसंबत नाही. सुदैवाने दोन वर्षांपूर्वी एका दंतवैद्याने काढलेला सेफॅलोग्राम घरच्यांनी जपून ठेवला होता. तो आताच्या एक्स-रेवर ठेवून पाहिला, रेघा तंतोतंत जुळल्या. वाढ थांबलेली होती. ती चालू असती तर आधी त्या कंडाइलच्या माथ्यावरचा काही मिलिमीटरचा वाढता थर काढून टाकण्याचा विचार करावा लागला असता.

कुठल्या वाटा होत्या

शस्त्रक्रियेशिवायचा मार्ग घरच्यांना हवा होता, आणि तो आहेही: खालच्या दोन उपदाढा काढायच्या आणि पुढचे दात तारेने मागे ओढायचे. सौम्य दोषात हे चांगलं चालतं. पण इथे ते दात आधीच ७८ अंशांवर वाकलेले. आणखी आत ओढले तर मुळांपुढचं पातळ हाड आणि हिरडी तग धरणार नाहीत. शिवाय दात मागे गेले तरी हनुवटी आहे तिथेच राहणार. या वाटेवर मी फार वेळ घालवला नाही.

आईने हाड खेचून वाढवण्याच्या पद्धतीबद्दल कुठेतरी वाचलं होतं. हाड कापून यंत्राने दिवसाला साधारण १ मिमी अंतर वाढवत न्यायचं, मधल्या जागेत नवं हाड भरतं. पायाच्या हाडांसाठी इलिझारोव्ह यांनी ही पद्धत विकसित केली, आणि मॅकार्थी व सहकाऱ्यांनी माणसाच्या खालच्या जबड्यात ती वापरल्याचं १९९२ साली प्रसिद्ध केलं. जन्मतः खुरटलेल्या जबड्याच्या मुलांसाठी ती वरदानच आहे. इथे मात्र जबडा आखूड करायचा होता. आजार उलटा, तर औषधही उलटं लागणार.

मग राहिला काप. खालचा जबडा मागे न्यायला आज मुख्यतः दोन जागी कापतात, दोन्ही त्याच्या उभ्या भागात, रॅमसमध्ये.

पहिला उभा काप: वरच्या खाचेपासून खाली जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत, ओठाला संवेदना देणारी नस जिथे हाडात शिरते त्या छिद्राच्या मागून. कॉल्डवेल आणि लेटरमन यांनी १९५४ साली तो बाहेरून, कातडीतून वर्णन केला. पुढे तो तोंडाच्या आतून होऊ लागला. नस कापाच्या पुढे राहते, त्यामुळे ओठ बधिर होण्याची भीती कमी. पण तुकड्यांना सहसा प्लेट लावत नाहीत, म्हणून काही आठवडे जबडे एकमेकांना बांधून ठेवावे लागतात. मुलाला हे सांगितल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला, "उलटी आली तर?" प्रश्न योग्य होता. त्याला लहानपणापासून प्रवासात उलट्यांचा त्रास होता, आणि बांधल्या तोंडाची धास्ती त्याच्या मनातून जाईना.

दुसरा सॅजिटल स्प्लिट. कल्पना सुंदर आहे: रॅमस आडवा तोडायचा नाही, त्याची जाडी उभी चिरायची. पाव आडवा कापण्याऐवजी पोटातून उभा उघडावा तशी. आतली पाती दातांसह पुढच्या तुकड्यात राहते, बाहेरची पाती कंडाइलसह मागे. दोन्ही पात्या एकमेकींवर घसरतात, म्हणून जबडा पुढे न्या नाहीतर मागे, हाडाला हाड टेकलेलंच राहतं आणि लवकर जुळतं. त्याआधी रॅमस आडवा कापत. त्यात टेकायला जागा थोडी, स्नायू तुकडे ओढून नेत आणि पुढचे दात उघडे राहत. ऑस्ट्रियात ट्राउनर आणि ओब्वेगेझर यांनी १९५० च्या दशकात ही चिरण्याची पद्धत रूढ केली. दाल पोंत यांनी १९६१ साली बाहेरचा काप पुढे दाढांजवळ आणला, हंसक यांनी १९६८ साली आतला काप आखूड केला, आणि एपकर यांनी १९७७ साली मऊ भाग कमीत कमी सोडवावा हे पटवून दिलं. आज आपण ज्याला ओब्वेगेझरची शस्त्रक्रिया म्हणतो, त्यातला जवळजवळ प्रत्येक काप दुसऱ्या कुणीतरी थोडा सरकवलेला आहे.

आम्ही सॅजिटल स्प्लिट ठरवला. नसेला धोका जास्त, हे मुलाला दोनदा सांगितलं आणि त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं.

एक जबडा की दोन? खालचा जबडा मागे जातो तेव्हा जीभही त्याच्याबरोबर मागे जाते आणि घशातली श्वासाची वाट अरुंद होते. शिवाय फक्त खालचा जबडा मागे नेलेला असेल, तर तो पुढे सरकून परतण्याचा कल राहतो. जितकं जास्त मागे न्याल तितकी ही धास्ती वाढते. वरचा जबडा तर मुळातच मागे होता. तेव्हा वाटणी केली: वरचा पुढे ५ मिमी, खालचा मागे सरासरी ६ मिमी.

चेहरा आधी बिघडवायचा

शस्त्रक्रियेआधी तारा लावून दातांची तडजोड मोडावी लागते. खालचे दात सरळ उभे केले, वरचे आत घेतले. चौदा महिने लागले. मुलगा दर महिन्याला येऊन आरशात बघायचा आणि दर महिन्याला दात आणखी उलटे दिसायचे. उलटा फरक ६ वरून ९ मिमी झाला. आईने मधेच फोन करून विचारलं, "डॉक्टर, तुम्ही हे बरोबर करताय ना?" आधी समजावून सांगितलेलं असतं, तरी ज्याचा चेहरा आहे त्याला ते रोज बघावं लागतं. या टप्प्यावर रुग्ण गळतात, आणि अर्धवट सोडलेला रुग्ण सुरुवातीपेक्षा वाईट अवस्थेत असतो. म्हणून तारा लावायच्या दिवशीच मी पालकांना एका कागदावर भविष्यातलं वाकडं तोंड काढून दाखवतो. चित्रकला भिकार आहे, पण काम होतं.

खालच्या अक्कलदाढा याच काळात, शस्त्रक्रियेच्या वर्षभर आधी काढल्या. त्या बरोबर चिरायच्या जागेत बसलेल्या असतात. तिथे हाड भरून यायला वेळ द्यावा लागतो.

मग सीटी स्कॅन, दातांचा डिजिटल स्कॅन आणि संगणकावरचा आराखडा. ९ मिमी उलटा फरक घालवून २ मिमी सरळ फरक आणायचा, म्हणजे एकूण ११: वरून ५, खालून ६. पण खालचा जबडा सरळ मागे न्यायचा नव्हता, फिरवायचा होता. म्हणून उजवीकडे ८ मिमी मागे, डावीकडे ४. त्या फिरण्याने खालचे दात उजवीकडे सुमारे ३ मिमी येतात, म्हणजे दातांची मध्यरेषा जुळते. हनुवटीचे ५ पैकी २ मिमी उरतात. ते हनुवटीचं हाड वेगळं कापून सरकवायचे.

आता चुकीचं बीज. जबडा वरून बघतोय अशी कल्पना करा. पुढचं टोक उजवीकडे फिरलं की मागची टोकं डावीकडे जातात. उजव्या बाजूला आतली पाती बाहेरच्या पातीपासून दूर जाते, काही बिघडत नाही. डाव्या बाजूला मात्र आतल्या पातीचं मागचं टोक बाहेर येऊन बाहेरच्या पातीवर आदळतं. हनुवटी ज्या बाजूला वाकडी असते, नेमकी तीच बाजू. पडद्यावर ही टक्कर लाल ठिपक्यांत दिसत होती. मी ती पाहिली, 'तिथे थोडं घासायचं' असं आराखड्यावर लिहिलं आणि पुढे गेलो.

टेबलावर

नाकातून नळी घालून भूल दिली. भूलतज्ज्ञ मॅडमनी रक्तदाब मुद्दाम खाली ठेवला, म्हणजे हाडातून पाझरणारं रक्त कमी. आधी वरचा जबडा. दातांच्या मुळांच्या वरून आडवा काप घेऊन तो खाली उतरवला, ५ मिमी पुढे घेतला आणि चार छोट्या प्लेट लावल्या. हे कितीही वेळा केलं तरी संपूर्ण वरचा जबडा हातात सुटा हलतो तो क्षण अंगावर काटा आणतो. टाळूच्या मऊ भागातून येणाऱ्या रक्तावर तो तुकडा जगतो, एवढंच इथे पुरे.

खालचा जबडा, उजवी बाजू. दाढांच्या मागे हिरडीत चीर, आतल्या बाजूला नस शिरते त्या छिद्राच्या वर आडवा काप, तिथून रॅमसच्या पुढच्या कडेवरून खाली, आणि दाढांजवळ बाहेरच्या भिंतीत उभा काप थेट खालच्या कडेपर्यंत. खालची कड पूर्ण कापली जाणं महत्त्वाचं. ती राहिली तर हाड आपल्याला हव्या त्या रेषेत चिरत नाही, भलत्याच रेषेत फुटतं. अनुभवी हातांतही असं शंभरातल्या दोन-तीन बाजूंना होतं. छिन्नी हळूहळू फिरवत उघडलं. हाड चिरताना कुरकुरतं, मग एकदम मोकळं होतं. आत नस पांढऱ्या दोरीसारखी दिसली, पुढच्या तुकड्यात नीट पडलेली.

डावीकडे नस बाहेरच्या पातीला चिकटलेली निघाली. हाडाच्या नळीचं पातळ कवच फोडून, बोथट हत्याराने ती तसूतसू सोडवावी लागली. पंधरा मिनिटं. फाटली नाही, पण ताणली गेली हे मला कळत होतं.

मग छापून आणलेली अंतिम स्प्लिंट, म्हणजे वरचे-खालचे दात ठरल्या जागी धरणारा साचा, दातांमध्ये बसवली आणि दोन्ही जबडे तारेने बांधले. आता दातांची जागा पक्की. उरलं ते दोन्ही कंडाइल आपापल्या खोबणीत वर आणि पुढे बसवून प्लेट लावणं. सगळी शस्त्रक्रिया इथे अडते. दात दिसतात, काप दिसतो, नस दिसते. कंडाइल दिसत नाही. ते गालाच्या आत, कानापुढे असतं. रुग्ण उताणा झोपलेला, स्नायू भुलेने ढिले, त्यामुळे कंडाइल आपण होऊन जागेवर राहत नाही. मागच्या तुकड्याला हत्याराने हळू दाब देऊन, बोटाच्या अंदाजावर ते बसवायचं.

उजवीकडे एक प्लेट, चार स्क्रू. डावीकडे पात्यांच्या पुढच्या टोकाशी दीडेक मिलिमीटरची फट दिसत होती. मी मागचं टोक फ्रेझने, म्हणजे हाड घासायच्या फिरत्या हत्याराने, थोडं घासलं होतं. पुरेसं झालं असं वाटलं. फट दाबून बंद केली, प्लेट लावली.

पाचवा तास

तारा सोडल्या. स्प्लिंट काढली. दोन बोटं हनुवटीवर ठेवून जबडा हलकेच मिटवला. डाव्या दाढा आधी टेकल्या, आणि खालची मध्यरेषा २ मिमी डावीकडे गेली. पुन्हा उघडला, पुन्हा मिटवला. पुन्हा तेच. माझा सहायक दबक्या आवाजात म्हणाला, "सर, हा आपल्या जुन्या घरी चालला."

झालं ते असं. मागचं टोक अजून टेकलेलं होतं. पुढची फट मी दाबून बंद केली तेव्हा बाहेरच्या पातीची तरफ झाली: टेकू मागच्या टोकाशी, पुढचं टोक आत दाबलं, तर टेकूच्या मागे असलेलं कंडाइल बाहेर आणि खाली उचकटलं गेलं. दात तारेने बांधलेले असल्यामुळे काहीच दिसलं नाही. तारा सुटल्याबरोबर कंडाइल खोबणीत परत गेलं आणि जाताना आख्ख्या जबड्याला डावीकडे घेऊन गेलं. याला कंडाइल लोंबणं म्हणतात. हा प्रकार निदान टेबलावर तरी उघडा पडतो. दुसरा प्रकार वाईट: कंडाइल खोबणीच्या कडेला टेकून राहतं, त्यामुळे टेबलावर चावा अगदी बरोबर येतो, आणि काही महिन्यांनी टेकलेलं हाड झिजल्यावर जबडा सरकतो.

पाच तास झालेले. २ मिमी. अशा वेळी खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "इलॅस्टिक लावू, येईल." आणि इलॅस्टिक लावलं तर दात खरंच जुळतात. पण इलॅस्टिक दातांना ओढतं, कंडाइल खोबणीबाहेर तसंच राहतं. सहा आठवड्यांनी इलॅस्टिक काढलं की तेच २ मिमी परत, आणि तोवर हाड जुळलेलं. हाडाची चूक दातांवर ढकलू नये, असं माझं पक्कं मत आहे. मॅडमना विचारलं, "अजून तासभर चालेल?" त्यांनी मॉनिटरकडे बघून मान डोलावली.

डाव्या बाजूचे चारही स्क्रू काढले. जबडे पुन्हा बांधले. आतल्या पातीचं मागचं टोक या वेळी उजेडात ओढून पाहिलं: मी घासलं होतं ती वरची कड, अडत होतं ते खाली. ते पूर्ण कापून काढलं. पात्या आता जोर न लावता शेजारी पडल्या, आणि पुढे फट राहिली. ती राहू दिली. ही जागा मुद्दाम सांगतो, कारण शिकणाऱ्यांचा हात इथे हटकून दाबतो. अनुभव असून माझाही दाबलाच होता. फट बंद करण्याऐवजी प्लेटलाच पायरीसारखं वाकवलं, इतकं की स्क्रू घट्ट होताना मागचा तुकडा जागचा हलू नये. बोट गालावर ठेवून सहायकाने ते बघितलं, मी स्क्रू फिरवले.

तारा सोडल्या. मध्यरेषा जुळलेली. तीनदा मिटवून बघितलं, मग मॅडमना बघायला लावलं, मग परत एकदा. पन्नास मिनिटं गेली होती.

हनुवटीचं काम शेवटी. नस हाडातून बाहेर पडते त्या छिद्राच्या पाचेक मिलिमीटर खालून काप घेतला, कारण नस बाहेर येण्याआधी खाली वळसा घेते. २ मिमी उजवीकडे, एक प्लेट, टाके.

नंतर

पहिल्या रात्री डोकं उंच, बर्फ, आणि उशाशी कात्री. जबडे तारेने बांधले नव्हते, दोन हलके इलॅस्टिक होते, तरी कात्री ठेवलीच. मुलाने ती कात्री तपासून बघितली, धार आहे का म्हणून. उलटी एकदा झाली, पोटात गेलेल्या रक्तामुळे. इलॅस्टिकमधून सहज बाहेर आली आणि त्यानंतर तो निवांत झोपला.

सूज तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त होती. सहा आठवडे द्रव आणि मऊ आहार. वजन चार किलो उतरलं. खालचा ओठ दोन्ही बाजूंनी बधिर. उजवीकडे तिसऱ्या आठवड्यात मुंग्या यायला लागल्या. मुंग्या येणं ही आमच्यासाठी चांगली बातमी असते, रुग्णाला ती वाटत नाही. डावीकडे काहीच नाही. कापसाचा बोळा फिरवला तरी कळत नव्हता, तेव्हा तो म्हणाला, "हा ओठ दुसऱ्या कुणाचा तरी आहे." आम्ही दर भेटीला डोळे मिटायला सांगून त्याच्या हनुवटीवर पेनाने बधिर भागाची हद्द आखायचो आणि फोटो काढायचो. अडीच महिन्यांनी ती हद्द पहिल्यांदा आत सरकली.

चौथ्या महिन्यात तो खिशातून एक रीळ काढून बसला. पांढरा धागा दातांत धरला, ओढला. पहिल्यांदा निसटला. तारा होत्या, अडकला असेल. दुसऱ्यांदा तुटला. आमच्या ऑर्थोडॉन्टिस्टने ब्रॅकेट उखडेल म्हणून त्याला चांगलंच झापलं.

तारा आठव्या महिन्यात निघाल्या. वर्षानंतरचा सेफॅलोग्राम शस्त्रक्रियेनंतरच्या एक्स-रेवर ठेवला तेव्हा खालचा जबडा अर्धा मिलिमीटर पुढे आलेला दिसला. मध्यरेषा जागेवर. डावं कंडाइल खोबणीत. सांध्यात आवाज नाही, तोंड ४१ मिमी उघडतं. प्लेट आतच आहेत, त्रास नसेल तर काढत नाही.

आराखडा करायच्या आमच्या पद्धतीत एक बदल झाला. वाकड्या जबड्याच्या प्रत्येक रुग्णात आता मागच्या टोकाची टक्कर वरून, बाजूने आणि खालून अशी तिन्हीकडून मोजतो, आणि किती हाड काढायचं ते मिलिमीटरमध्ये लिहितो. 'थोडं घासायचं' हे शब्द आराखड्यात चालत नाहीत. एका नव्या डॉक्टरने परवा तेच लिहून आणलं, तर माझ्याआधी सहायकानेच कागद परत केला.

शेवटच्या भेटीत डाव्या हनुवटीवरची पेनाची हद्द नाण्याएवढी उरली होती. त्या नाण्यात त्याला स्पर्श कळतो, पण बोथट, जाड कापडातून कळावा तसा. ताणली गेलेली नस वर्षभरात एवढीच परतली. आणखी थोडी परतेल, पूर्ण परतेलच असं त्याला सांगितलेलं नाही. एरवी त्याची आठवण होत नाही, म्हणाला. फक्त दाढी करताना तिथे कापलं तर रक्त दिसल्यावरच समजतं.